यंदाचं चैत्रांगण अर्धंच राहिलं

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, माझी आई ७४ वर्षांची आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजच्या जुन्या घरात एकटी राहते. मी थाटीपूरला, दादा पुण्याला. बाबा मागच्या वर्षी आषाढात गेले. गेले सात-आठ महिने आई तेच तेच विचारते. 'दादाचा फोन आला होता का?' हे एका दुपारी मी मोजलं, नऊ वेळा. विजेचं बिल दोनदा भरलं. साखर संपली म्हणून आणत राहिली, आता घरात बारा किलो साखर आहे. जूनमध्ये अचलेश्वरच्या देवळातून परत येताना रस्ता चुकली, चाळीस वर्षांचा पायाखालचा रस्ता! ओळखीच्या दुकानदारानं घरी आणून सोडलं. चैत्रात दर वर्षी महिनाभर चैत्रांगण काढते, यंदा अर्धंच काढलं, म्हणाली कंटाळा आला. राखीनंतर चार दिवसांनी मला सांगते, अजून श्रावणच चालू आहे. समोर भिंतीवर कॅलेंडरमध्ये भादों लागलेला. मी मोबाईलवर एक चाचणी शोधून तिला प्रश्न विचारले, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा कर वगैरे. ती इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही. दादा म्हणतो, 'तू उगाच डोक्यात घेतेस, माझ्याशी तर नीट बोलते.' तो महालक्ष्म्यांना चार दिवस येणार आहे. आईला मेमरी टेस्टला न्यावं का? आणि काय सांगून न्यावं? 'मला आरोग्यशाळेत (इथल्या मनोरुग्णालयात) घालताय का' हेच तिच्या तोंडून पहिलं निघेल. तिची औषधं: मधुमेहाची मेटफॉर्मिन बारा वर्षं, बीपीची गोळी, सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची कॅप्सूल, आणि बाबा गेल्यापासून रात्री झोपेची अर्धी गोळी. ऐकूही कमी येतं, पण मान्य करत नाही. — थाटीपूरची लेक"

थाटीपूरच्या ताई,

आधी श्रावणाचं मिटवू, कारण त्यात आई बरोबर आहे आणि तुम्ही चूक. आपला महिना अमावस्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात भादों लागतो, पण आईच्या हिशेबानं श्रावण वद्य पक्ष सुरू होतो आणि पुढचे पंधरा दिवस श्रावणच असतो. जन्माष्टमी तिच्यासाठी श्रावण वद्य अष्टमी आणि शेजारच्या शर्माजींकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस तोच. चाळीसेक वर्षं ग्वाल्हेरात काढूनही तिनं स्वतःचं पंचांग सोडलेलं नाही. ती ओळ तुमच्या यादीतून खोडून टाका.

यावर मी एवढी अडून बसले, कारण दवाखान्यातही नेमकं हेच होऊ शकतं. डॉक्टर विचारतील, "अम्माजी, कौन सा महीना चल रहा है?" आई सांगेल श्रावण, आणि एक गुण जाईल. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगतील. उत्तरं त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. आई मनातल्या मनात मराठीत वजाबाकी करणार, मग हिंदीत उन्यासी की नवासी यात अडखळणार, आणि समोरच्याला वाटणार की हिशेब जमला नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका भाजीवाल्याशी फर्राटेदार हिंदीत भाव करतात, पण पैसे मोजतात मराठीत. म्हणून दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "आई हिशेब आणि तिथी मराठीत करते, प्रश्न मराठीत सांगायला मी मध्ये बसू का?" मध्ये बसलात तर प्रश्न फक्त मराठीत सांगायचा, उत्तराचा इशारा द्यायचा नाही. सगळ्यात कठीण ते आहे. आपली आई अडखळली की आपले ओठ आपोआप हलतात.

शिक्षणाचंही तेच. ३० गुणांच्या ज्या चाचण्या सगळीकडे वापरतात, त्यातली एक १९७५ सालची, शाळा शिकलेल्या माणसांना समोर ठेवून केलेली. दुसऱ्या एका प्रचलित चाचणीत बारावीपर्यंत किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक गुण वरून देतात. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतल्या, शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक चाचणी मुद्दाम हिंदीत बेतून घेतली गेली, ती याच अडचणीमुळे. आई किती शिकली हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना मात्र न विचारता सांगा. सातवी झालेल्या बाईचे २३ आणि बँकेतून निवृत्त झालेल्या बाईचे २३ यांचा अर्थ एक होत नाही. मोबाईलवरच्या चाचणीला यातलं काहीच ठाऊक नसतं. ती पुन्हा करू नका. आईनं दोन दिवस अबोला धरला ते मला तर रास्तच वाटलं. ज्या मुलीला आपण पाढे शिकवले तिनं सोफ्यावर बसून आपली परीक्षा घ्यावी, हे कुणाला रुचेल?

आता तुमच्या पत्रातली खरी ओळ. ती तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, मी तीनदा वाचली. चैत्रांगण.

ज्यांच्या घरी ते काढलं जात नाही त्यांच्यासाठी सांगते. चैत्रातल्या तीजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारापुढे किंवा तुळशीपुढे रोज काढायची ही रांगोळी. मध्ये झोपाळ्यावर गौर, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, गोपद्मं, कासव, नाग, तुळशीवृंदावन, हत्ती; पन्नासच्या वर चिन्हं भरतात. कोणतं कुठे, कशाच्या शेजारी काय, किती जागा सोडायची, हे सगळं हातात असतं, कागदावर कुठेच नसतं. डॉक्टर म्हणतात, "एक घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा," तेव्हा ते नेमकं हेच तपासत असतात: आकृती मनात धरता येते का, जागा वाटून घेता येते का, ठरवलेलं शेवटपर्यंत नेता येतं का. तुमच्या आईनं उभ्या आयुष्यात घड्याळ काढलेलं नसेल. चैत्रांगण पन्नास वर्षं काढलंय. म्हणजे तिची परीक्षा चैत्रातच अंगणात होऊन गेली, आणि घड्याळापेक्षा कठीण होती.

पण ती परीक्षा नीट वाचायला हवी. गुडघे दुखतात म्हणून ती अर्ध्यातून उठली का? ती गोष्ट वेगळी. बाबांच्या नंतरचा पहिला चैत्र, मन लागलं नाही म्हणून सोडलं का? तेही वेगळं, आणि त्यावर पुढे येते. की बसली, शंख दोनदा काढला, वृंदावनाची जागाच उरली नाही, हात तसाच थांबला, आणि मग म्हणाली कंटाळा आला? असं झालं असेल तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. फोनमध्ये मागच्या वर्षांचे फोटो असतीलच, सणासुदीला आपण काढतोच. यंदाचा आणि तीन वर्षांपूर्वीचा शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

नेमकं हेच बघायचं असतं: आई कालच्या आईपेक्षा बदलली का. शेजारच्या काकूंशी किंवा फोनमधल्या आकड्यांशी तुलना काही कामाची नाही. नातेवाइकांना विचारायची आठ प्रश्नांची एक छोटी यादी डॉक्टर वापरतात, तिचाही सगळा रोख गेल्या काही वर्षांत बदल झालाय का याच्यावर असतो. जन्मभर चष्मा शोधत फिरणाऱ्या माणसाला सत्तरीतही चष्मा सापडला नाही तर त्याचं काय एवढं? नाव आठवलं नाही आणि दुपारी भांडी घासताना आठवलं, हे माझंही रोज होतं. पण एकाच दुपारी तोच प्रश्न नऊ वेळा, आणि आधीच्या आठांची आठवणच नाही; पायाखालच्या रस्त्यावर दिशा हरवणं; पैशांच्या व्यवहारात घोळ. हे वयाच्या खात्यात टाकून मोकळं होता येणार नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, न्या. महालक्ष्म्या झाल्या की लगेच, दिवाळीवर ढकलू नका.

एक फरक मात्र लक्षात घ्या. काहीही तक्रार नसलेल्या वृद्धांची सरसकट स्मृतिचाचणी करावी का, यावर जाणकारांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळानं २०२० मध्ये सांगितलं की त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलण्याइतका पुरावा नाही. म्हणून कुणी शिबिरात फुकट चाचणी लावली आणि तुमच्या धडधाकट सासऱ्यांना बोलावलं, तर नाही गेले तरी चालेल. आईची गोष्ट तशी नाही. तिच्यात बदल दिसलाय. तिला नुसत्या गुणांच्या चाचणीची नाही, पूर्ण तपासणीची गरज आहे, आणि त्यात स्मृतीची चाचणी हा पंधरा मिनिटांचा एक भाग.

बाकीचा भाग तुमच्या औषधांच्या यादीतच आहे. मेटफॉर्मिन बारा वर्षं, वरून रोज ॲसिडिटीची कॅप्सूल: या दोन्हींमुळे शरीरात बी-१२ नीट शोषलं जात नाही. आई शाकाहारी असेल तर मुळात आवकच कमी. बी-१२ उतरलं की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. रक्ताच्या एका तपासणीत कळतं, इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून निघतं. थायरॉईड मंद झालं तरी माणूस असाच सुस्त आणि विसराळू होतो. सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, किडनी, हे सगळं त्याच रक्तात बघून होईल. बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं म्हणून ते मुद्दाम सांगितलं. झोपेची अर्धी गोळी मला सगळ्यात जास्त खटकली. या वयात ती दुसऱ्या दिवशीही डोक्यात रेंगाळते आणि पाडतेही. पण स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवतात, नाहीतर भलतंच होऊन बसतं. सर्दीची, खाजेची, लघवीची एखादी गोळी मध्ये मध्ये घेत असेल तर तिचीही पट्टी बरोबर न्या, त्यातल्या काही स्मृतीवर थेट परिणाम करतात.

शिवाय, ती पडली होती का? मागच्या दोन-तीन महिन्यांत डोकं कुठे आपटलं होतं का? म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आत हळूहळू रक्त साचून आठवड्यांनंतर गोंधळ सुरू होतो आणि बाहेर टेंगूळही दिसत नाही. यासाठी सीटी स्कॅन करतात. आणि हे वेगळं लिहून ठेवा: आई दोन दिवसांत एकाएकी भ्रमिष्टासारखं बोलायला लागली, रात्र-दिवस उलटले, तर वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी न्या. ते बहुधा लघवीचं इन्फेक्शन, ताप किंवा मे महिन्यातल्या आपल्या ग्वाल्हेरी उन्हात पाणी कमी पडणं असतं.

बाबा गेले त्याला वर्ष झालं. उदासी माणसाला विसराळू करते, आणि आपल्या बायका "मला उदास वाटतं" असं म्हणत नाहीत, "कंटाळा आला" म्हणतात. तुमच्या पत्रात तो शब्द आहे. डॉक्टरांना हेही सांगा. आणि कान. तीन शब्द लक्षात ठेवा म्हणून सांगितले आणि मुळात ऐकूच आले नाहीत, तर आठवणार कुठून? स्मृतीच्या चाचणीआधी कानांची तपासणी करून घ्या, मळ असेल तर काढून घ्या, मोतीबिंदूही बघून घ्या. कमी ऐकू येणं दुर्लक्षित ठेवलं तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञांनी टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात कान आहेत, मधुमेह आणि रक्तदाबही आहेत.

हे सगळं तपासून बी-१२ कमी निघालं तरी हुश्श करून थांबू नका, असं मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे ते कितीतरी जणांचं कमी असतं. भरून काढा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. रस्ता चुकणं हे मला नुसत्या बी-१२ वर सोडून द्यावंसं वाटत नाही.

कुठे न्यायचं? सुरुवात घरच्या डॉक्टरांकडून, जे तिला वर्षानुवर्षं ओळखतात. पुढे न्यूरोलॉजिस्ट; खासगीत आहेत, जयारोग्य या सरकारी रुग्णालयाच्या आवारातही विभाग आहे. आरोग्यशाळेचं आईचं भय मला कळतं. या गावात "तुला आरोग्यशाळेत टाकू का" ही लहानपणापासूनची धमकी आहे, आपण सगळ्यांनी ती ऐकली आणि दिली. तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा, "आपण जनकगंजच्याच डॉक्टरांकडे जातोय."

आता काय सांगून न्यायचं. यात माझी एक चूक ऐका. अकरा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना मी "चष्म्याचा नंबर बघायचाय" म्हणून एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवलं, तीन शब्द सांगितले. त्यांना लगेच समजलं. स्मृती गेली असेल, बुद्धी गेली नव्हती! त्या दिवसापासून माझ्या हातची एकही गोळी त्यांनी विश्वासानं घेतली नाही. "ही कशाची?" विचारायच्या, मी सांगायचे, आणि त्या स्वतःच्या मुलाकडे बघायच्या. शेवटची चार वर्षं आम्ही दोघी अशा काढल्या. आजाराची मुळीच चूक नव्हती त्यात.

म्हणून खोटं सांगू नका, आणि स्मृतिभ्रंश हा शब्द घरी वापरू नका, कारण तो अजून कुणी सांगितलेलाच नाही. जे खरं आहे ते सांगायला पुरेसं आहे: "आई, बारा वर्षं एकच गोळी चालू आहे, झोपेच्या गोळीचंही बघायला हवं, कानही दाखवू. आणि त्या दिवशी अचलेश्वरहून येताना झालं ना, त्याबद्दलही विचारू." मग एक प्रश्न, आणि त्यानंतर गप्प बसायचं: "तुला स्वतःला काय वाटतं गं?" बरेचदा त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं. साखर पुन्हा पुन्हा आणणारी बाई बारा पुडे बघून एकटी काय विचार करत असेल, याचा विचार करा.

जाण्याआधी आठ-दहा दिवस एका वहीत लिहा. मत नको, घटना. "विसरते" असं नाही, "मंगळवारी दुपारी दूध उतू गेलं, गॅस बंद करायला विसरली, वास आल्यावर लक्षात आलं." जे नीट जमलं तेही लिहा. डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटं बोलायची सोय आधीच करून ठेवा, तिच्यासमोर तिच्या चुका वाचून दाखवायच्या नाहीत. निकाल मात्र आधी तिलाच सांगायचा. कागद तिचा आहे.

दादाशी फोनवर वाद घालू नका. त्याला ती रोज दहा मिनिटं दिसते, आणि दहा मिनिटं ती सांभाळून नेते. जेवलास का, थंडी आहे का, सूनबाई कशी आहे, हे प्रश्न जिभेवर असतात. महालक्ष्म्यांना त्याला तिच्याबरोबर स्वयंपाकघरात ठेवा. सोळा भाज्या, पुरण, कढी, पंचामृत, सगळं कोणत्या क्रमानं करायचं हे आई ठरवत आली आहे. तुम्ही काही बोलू नका, त्याला बघू द्या. आणि जमलं तर तिकीट दोन दिवस पुढे ढकलून दवाखान्यात तोच बरोबर येऊ दे. मुलगा बरोबर असला की आपल्या आयांना हिंमत येते, हे मुलींनी वाईट न वाटून घेता मान्य करावं. मला अजून जमत नाही.

निदान काहीही होवो, कागदांचं काम आता करा, ती स्वतः सही करतेय तोवर. बँक खात्यात दुसरं नाव, सगळीकडे नॉमिनेशन, इच्छापत्र. लोक मुखत्यारपत्र करून निवांत होतात, पण आपल्या कायद्यात देणाऱ्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही की साधं मुखत्यारपत्र संपतं. १८७२ च्या करार कायद्यातच ते आहे. ओटीपी मागणाऱ्या फोनांबद्दल तिला सांगा, आणि खात्यात थोडेच पैसे ठेवा. स्वयंपाकघर काढून घेऊ नका.

औषधांबद्दल थोडंच. निदान स्मृतिभ्रंशाचं झालं तर डोनेपेझिलसारख्या गोळ्या मिळतात. काहींना काही काळ बरं वाटतं, आजार जात नाही. बाटलीतल्या स्मृतिवर्धक टॉनिकावर पैसे घालू नका. आणि सगळं ठीक निघालं तर सहा महिन्यांनी ते वहीचं पान पुन्हा काढून बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या शंभरात सातेक जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे त्र्याण्णवांना नाही. वय वाढतं तसं ते प्रमाण वाढतं हे खरं, पण आई कोणत्या बाजूला आहे ते अजून आपल्याला ठाऊक नाही.

राहिली ती बारा किलो साखर. मधुमेह असलेल्या बाईच्या घरात ती ठेवण्यात तसाही अर्थ नाही. महालक्ष्म्यांच्या पुरणाला, प्रसादाला लागेल तेवढी वापरा, उरलेली दर खेपेला एक-एक पुडा तुमच्या पिशवीत घालून थाटीपूरला आणा. आईला मोजून दाखवू नका.